पन्नाशीतले डोळे आणि यंत्राचा स्क्रीन

जर्मनीत, बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग इथे बीएमडब्ल्यूचा मोठा कारखाना आहे. 2007 मध्ये तिथल्या व्यवस्थापकांनी हिशेब मांडला, तेव्हा कामगारांचं सरासरी वय 39 होतं आणि 2017 पर्यंत ते 47 वर जाणार होतं. तोवर थांबण्याऐवजी त्यांनी मागच्या अ‍ॅक्सलचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका लाइनवर तेव्हाच सरासरी 47 वयाचे 42 कामगार लावले. बाकीच्यांनी तिला ‘पेन्शनरांची लाइन’ असं नाव पाडलं. कौतुकानं नव्हे, हे सांगायला नको.

वर्षभरात त्या लाइनवर सुमारे 70 छोटे बदल झाले. पायाखाली लाकडी जमीन आली, उंची कमीजास्त होणारी टेबलं आली, बारीक भाग बघायला भिंगं आली, मधूनमधून टेकायला सलूनमध्ये असते तशी खुर्ची आली आणि संगणकाच्या पडद्यावरची अक्षरं मोठी झाली. सामानावर साधारण 20,000 युरो गेले, कामगारांचा वेळ धरला तर 40,000 च्या आसपास. उत्पादकता 7 टक्के वाढली आणि तरुणांच्या लाइनच्या बरोबरीला आली. मोटार कारखान्याच्या खर्चात ही रक्कम चहापाण्याची म्हणावी इतकी किरकोळ. बदल ठरवण्यात कामगारांना सामील करून घेतलं होतं, म्हणून ते बदल नेमके लागू पडले.

मला त्यातला मोठ्या अक्षरांचा बदल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आता प्रत्येक यंत्राला स्क्रीन असतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. हातभर अंतरावरचा स्क्रीन नेमका अडचणीच्या पट्ट्यात येतो: वाचायच्या चष्म्यासाठी लांब, लांबच्या नजरेसाठी जवळ. शिवाय बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होतं. विशीत दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीत पोहोचतो. काळ्या पार्श्वभूमीवरची निळी अक्षरं तरुण डिझायनरला देखणी वाटतात. साठीकडे झुकलेल्या ऑपरेटरला ती धड दिसतही नाहीत.

कानांचंही तसंच. वयाबरोबर आधी उंच स्वर जातात आणि वर्षानुवर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेस यंत्राशेजारी काम केलेल्या माणसाची श्रवणशक्ती 4,000 हर्ट्झच्या आसपास सर्वात जास्त घटलेली असते. यंत्रांवरचे अनेक छोटे बझर 2,000 ते 4,000 हर्ट्झच्या पट्ट्यातच वाजतात. मग सुपरवायझर म्हणतो, ‘काका अलार्मकडे लक्षच देत नाहीत.’ बझरसोबत एक दिवा लावला तर हा वाद बहुधा तिथेच मिटेल.

मेंदूचा वेग कमी होतो, हे मात्र खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. नवी माहिती हाताळण्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू घटतो. एकामागून एक उघडत जाणाऱ्या मेन्यूमध्ये आपण कुठून कुठे आलो हे लक्षात ठेवणं उतारवयात जड जातं. पण कामाचा वेग फक्त त्यावर ठरत नाही. टिमोथी साल्टहाउस या मानसशास्त्रज्ञानं 1984 मध्ये 19 ते 72 वर्षांच्या टायपिस्टांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयस्कांची प्रतिक्रिया मंद होती, तरी टायपिंगचा वेग टिकून होता, कारण ते मजकुरात जास्त पुढचं वाचून ठेवत. मर्सिडीजच्या एका ट्रक कारखान्याच्या जुळणी लाइनवरच्या चुकांची नोंद अर्थतज्ज्ञ अ‍ॅक्सेल ब्योर्श-सुपान आणि मॅथियास वाइस यांनी तपासली. साठीपर्यंत उत्पादकता घटल्याचं दिसलं नाही. वयस्कांच्या चुका संख्येनं थोड्या जास्त होत्या, पण महागात पडणाऱ्या मोठ्या चुका त्यांच्याकडून क्वचितच होत.

खरा अडथळा बऱ्याचदा शिकवण्यात असतो. नवं यंत्र आलं की विक्रेत्याचा इंजिनिअर अर्धा दिवस पंधरा जणांना घोळक्यात उभं करून भराभर बटणं दाबून दाखवतो. वयस्क शिकणाऱ्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून 2003 मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात दोन गोष्टी ठळक आल्या: आपल्या गतीनं शिकायची मुभा आणि लहान गट. सीएनसीचे, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्राचे, सिम्युलेटर (सरावासाठीची नक्कल) साध्या संगणकावर चालतात आणि तिथे चुकीचं बटण दाबलं तरी टूल, म्हणजे कापायचं हत्यार, तुटत नाही. पोराच्या वयाच्या ट्रेनीसमोर अडाणी दिसण्याची भीतीही तिथे नसते.

जुनी सवय आड येते, तशी ती उपयोगीही पडते. लेथवर तीस वर्षं काढलेल्या टर्नरला काप जड जातोय हे हँडव्हीलवरच्या तळहाताला कळायचं. सीएनसीच्या स्क्रीनवर तेच स्पिंडल लोड, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्यावरचा भार, म्हणून टक्क्यांत दिसतं. ‘तुमच्या हाताला जे लागायचं, तेच हे,’ एवढं सांगितलं की त्या आकड्याला अर्थ येतो. सीएनसीवरही हाताने फिरवायची छोटी चकती असते, बहुधा एका फेऱ्यात 100 खाचांची. खाचेमागे टूल मिलिमीटरचा हजारावा, शंभरावा की दहावा भाग सरकेल, ते निवडता येतं. शिकवणीची सुरुवात मेन्यूऐवजी तिथून करावी. भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये आणखी एक काम स्वस्तात होईल: नेहमीच्या वीस-पंचवीस इंग्रजी अलार्मचा अर्थ आणि उपाय मोठ्या मराठी अक्षरांत छापून पॅनेलशेजारी लावणं.

देवाणघेवाण उलट दिशेनंही व्हायला हवी. यंत्रावर कंपनाचे सेन्सर बसवून बिघाड आधी ओळखणाऱ्या प्रणाली आता येत आहेत. संगणकाला कंपनाचे आलेख ढिगानं मिळतात, पण त्यातला नेमका कोणता तुकडा बेअरिंगचा आणि कोणता बोथट टूलचा, हे आधी कुणीतरी खूण करून द्यावं लागतं. आवाज बदलला की फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी करणारा आणि चिपचा, म्हणजे कापून निघालेल्या धातूच्या किसाचा, रंग निळा पडलेला पाहून टूल तपासणारा ऑपरेटर हे सांगू शकतो. मात्र त्यासाठी त्याला टॅबलेटवर इंग्रजी रकाने भरायला लावू नये. मराठीत बोलून नोंद करता यावी आणि त्या नोंदीला शिफ्टमधलीच दहा मिनिटं द्यावीत.