विंचवाचं बिऱ्हाड: प्रोग्रामच्या पोटात वेब सर्व्हर कसा आला

लिनक्सवर प्रिंटर रुसला की जाणकार मंडळी ब्राउझर उघडून ‘लोकलहोस्ट:६३१’ टाइप करतात. लोकलहोस्ट म्हणजे हाच संगणक, आणि ६३१ हा पोर्ट, म्हणजे त्याच्या दाराचा क्रमांक. समोर वेबसाइटसारखं पान येतं, रांगेत अडकलेली कामं दिसतात. इंटरनेट बंद असलं तरी पान येतंच, कारण ते बाहेरून आलेलं नसतं. छपाई सांभाळणाऱ्या कप्स या प्रोग्रामने १९९९ पासून आपल्या पोटात एक छोटा वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम, बाळगला आहे.

एरवी रीत उलटी होती. सर्व्हर हा घरमालक आणि अ‍ॅप्लिकेशन भाडेकरू. जावा भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या जावावाल्यांना तर हे चांगलंच आठवत असेल: प्रोग्रामचा गठ्ठा, म्हणजे ‘वॉर’ फाइल बांधायची, टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरच्या ‘वेबअ‍ॅप्स’ फोल्डरमध्ये नेऊन टाकायची आणि वाट बघायची. एकाच टॉमकॅटमध्ये चार अ‍ॅप्लिकेशनं नांदायची आणि त्यातल्या एकाने मेमरी खाल्ली की अख्ख्या चाळीची बत्ती गुल. शिवाय ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे वाक्य खरं असायचं, कारण त्या मशीनवर टॉमकॅटची आवृत्तीच वेगळी असायची.

गंमत म्हणजे यावरचा उतारा, म्हणजे सर्व्हरच अ‍ॅप्लिकेशनच्या पोटात ठेवणं, टॉमकॅटच्याही आधीचा आहे. १९९५ साली सिडनीच्या बालमेन भागात ग्रेग विल्किन्स तक्रारींची नोंद ठेवणारं एक अ‍ॅप्लिकेशन लिहीत होते. त्यासाठी त्यांनी जावातच सर्व्हर लिहिला. त्याची आधीची नावं कुणाला फारशी रुचली नाहीत, शेवटी ‘जेटी’ ठरलं. जवळच मॉर्ट बे हा उपसागर, म्हणजे आपल्याकडे मांडव्याला असते तीच ही जेटी. मूळच एका अ‍ॅप्लिकेशनचा भाग असल्यामुळे तिला दुसऱ्याच्या घरात राहायची सवय पहिल्यापासून होती. प्रोग्राममध्ये चार-पाच ओळी लिहायच्या, पोर्ट सांगायचा, ‘स्टार्ट’ म्हणायचं, की झालं.

सी भाषेत हेच काम मुंगूस करायचं. सेर्गेई ल्युबका यांचा २००४ चा ‘मंगूस’ सर्व्हर म्हणजे एक ‘.सी’ फाइल आणि एक ‘.एच’ फाइल. आपल्या कोडशेजारी ठेवा, कंपाइल करा. २०१३ मध्ये त्याचा परवाना मोकळ्याढाकळ्या एमआयटीवरून, बदललेला कोडही खुला ठेवायला लावणाऱ्या जीपीएलवर गेला, तेव्हा जुन्या कोडला धरून ‘सिव्हेटवेब’ ही वेगळी शाखा निघाली. सिव्हेट म्हणजे उदमांजर. मुंगसावरून उदमांजरावर जाणाऱ्याची विनोदबुद्धी शाबूत होती म्हणायची.

जावात मात्र हा विचार सर्वदूर पोचायला २०१४ उजाडलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये जावा अ‍ॅप्लिकेशनं झटपट उभी करून देणाऱ्या स्प्रिंग बूटची पहिली पक्की आवृत्ती आली आणि तिने टॉमकॅटलाच प्रोग्रामच्या गठ्ठ्यात, म्हणजे ‘जार’ फाइलमध्ये कोंबलं. ‘जावा -जार’ आणि फाइलचं नाव, एवढी एक ओळ टर्मिनलवर मारली की टॉमकॅट ८०८० पोर्टवर सुरू झाल्याची नोंद सरकत यायची. घरमालकच भाडेकरूच्या ट्रंकेत! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं अ‍ॅप्लिकेशन जाईल तिथे सर्व्हर बरोबर. प्रोग्राम सगळ्या सामानासकट एकाच डब्यात भरून पाठवण्याच्या, म्हणजे कंटेनरच्या लाटेला हे अगदी सोयीचं पडलं. ८०८० का, तर युनिक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, परवानगीशिवाय मिळत नसत, म्हणून वेबच्या नेहमीच्या ८० चा हा जुळा भाऊ. तोच पोर्ट आधी दुसऱ्या प्रोग्रामने अडवलेला निघाला की प्रोग्राम तिथेच आडवा. हा अनुभव न घेतलेला जावावाला मला तरी भेटलेला नाही.

पण बिऱ्हाड जितकं लहान, तितकं ते नजरेआड होतं. जुलै २०१९ मध्ये असं बाहेर आलं की झूमने मॅकवर १९४२१ पोर्टवर एक स्थानिक वेब सर्व्हर बसवला होता. वापरणाऱ्याने झूम काढून टाकलं तरी सर्व्हर मागे राहायचा, आणि मीटिंगच्या लिंकवर क्लिक पडलं की झूम पुन्हा बसवायचा. झूमने तो काढायचं जाहीर केलं. तरी ज्या मॅकवर झूम उरलंच नव्हतं, तिथे झूमचं अपडेट पोचणार कसं? अखेर अ‍ॅपलने स्वतःच गुपचूप अपडेट पाठवून ते बिऱ्हाड हलवलं.