मतदान, स्थानिक आणि राष्ट्रीय (नागपूर)

मतदान म्हणजे काय हे शाळेतच सगळ्यांचं पाठ झालेलं असतं, म्हणून व्याख्येत वेळ घालवत नाही. नागपूरकर एकाच बोटाने दोन वेगळ्या यंत्रणांच्या निवडणुकांत मत देतो आणि बऱ्याच जणांना त्या एकच वाटतात, घोळ तिथून सुरू होतो. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत हे काम राज्य निवडणूक आयोगाचं, जो ७३व्या-७४व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये आला. यादी मात्र विधानसभेचीच, ती फोडून प्रभागवार करतात, म्हणून "लोकसभेला नाव होतं, आता भलत्याच प्रभागात गेलं" ही बोंब दर वेळी ऐकू येते.

नागपूरची नगरपालिका १८६४ ची, महानगरपालिका १९५१ पासून. इंग्रजांच्या काळात मत होतं ते कर भरणाऱ्या, मालमत्ता असलेल्या मोजक्यांना. प्रत्येक प्रौढाला मत ही मागणी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढे मांडली होती, प्रत्यक्षात आली ती घटनेच्या कलम ३२६ ने (आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत शेजारच्या भंडाऱ्यात ते स्वतः हरले, हेही इथेच नोंदवलेलं बरं). वय आधी २१, १९८९ पासून १८.

आता प्रभाग. २०१७ पासून नागपुरात ३८ प्रभाग आणि १५१ नगरसेवक, म्हणजे ३७ प्रभागांत चार-चार आणि एकात तीन. मतदाराला एक नाही, चार मतं द्यायची असतात, अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीचं आरक्षण वेगळं, आणि चारही ठिकाणी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. कोणी पसंत नसेल तर त्या जागेपुरता नोटा दाबायचा. पुष्कळ लोक पहिलं बटण दाबून निघायला लागतात आणि मग बूथवरचा कर्मचारी "काका, अजून तीन बाकी आहेत" म्हणून थांबवतो. या पद्धतीत व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते दाखवणारी, चिठ्ठी दिसत नाही. चार नगरसेवक असले की गटर तुंबल्यावर कोणाला धरायचं हाच प्रश्न पडतो, त्यापेक्षा एक वॉर्ड एक नगरसेवक बरा होता असं आमचं मत, अर्थात महिला आणि मागास प्रवर्गाच्या जागा बसवायला मोठा प्रभाग सोपा जातो हे दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही.

मताचं वजन पाहायचं तर नागपूर लोकसभेला २०२४ मध्ये सुमारे २२ लाख मतदार होते आणि निकालातला फरक १ लाख ३७ हजारांचा. एका प्रभागात सरासरी साठ-पासष्ट हजार लोकसंख्या, त्यातले मतदार त्याहून कमी, मतदानाला येणारे आणखी कमी, तिथे एका गल्लीने ठरवलं तरी निकाल हलू शकतो. तरी चर्चा दिल्लीचीच जास्त. पाणी, कचरा, पथदिवे, मालमत्ता कर हे सगळं मनपाकडे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला, आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होता, नगरसेवक नावाचा माणूसच नव्हता. शहरातले लेआउट पाहणारी नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) तर मतदाराने निवडलेली संस्थाच नाही, १९३६ च्या कायद्याने आलेलं विश्वस्त मंडळ आहे, त्यामुळे लेआउटच्या प्लॉटवाल्यांचा राग मतपेटीत नेमका कुठे जातो हे कोडंच आहे.

टक्केवारीबद्दल थोडक्यात: २०२४ च्या लोकसभेला नागपूर ५४ टक्क्यांच्या आसपास, त्याच दिवशी गडचिरोली-चिमूर सत्तरीच्या पुढे. उन्हाचं कारण सांगतात पण १९ एप्रिलचं ऊन तिकडेही तेच होतं.

शाई. बोटावरची शाई १९६२ पासून आली असं सरसकट लिहिलेलं सापडतं. १९६२ हे साल म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेल्या, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं सूत्र असलेल्या शाईचं आहे, आणि १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत न पुसणाऱ्या शाईच्या ३ लाख ८९ हजारांवर कुप्या लागल्याची आकडेवारी मिळते, म्हणजे शाई आधीपासून होती, म्हैसूरची नंतर आली असं धरणं जास्त बरोबर वाटतं. शोध कोणाचा याबद्दलही दोन नावं पुढे येतात, सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि नंतर प्रयोगशाळेतले एम. एल. गोयल. दोघांच्या कामात काही वर्षांचं अंतर असल्याने एकाने सुरुवात केली आणि दुसऱ्याच्या चमूने आजचं रूप दिलं असं मानायला हरकत नाही. रसायन सिल्व्हर नायट्रेट, उजेड लागला की कातडीवर काळं पडतं, नखावर तर नख वाढेपर्यंत राहतं. २००६ पासून ठिपक्याऐवजी नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढतात. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांना बरीच वर्षं बाटलीऐवजी मार्कर पेन वापरत आले, आणि जानेवारी २०२६ ला रेघ पुसली जाते म्हणून त्याच मार्करवरून राज्यभर आरडाओरड झाली. नियमात खूण डाव्या तर्जनीवर, ती नसेल तर डाव्या हाताचं दुसरं बोट, डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्याची तर्जनी.