घरातलं वाय-फाय: एक चॅनल, अनेक डिव्हाइस आणि सिग्नलमधला व्यत्यय

घरगुती वाय-फाय म्हणजे राउटर आणि त्याला जोडलेले मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे वगैरे सगळ्यांनी एकच रेडिओ चॅनल आळीपाळीने वापरायची व्यवस्था. आळीपाळीनेच, कारण एका चॅनलवर एका वेळी साधारणपणे एकालाच डेटा पाठवता येतो, राउटरसुद्धा पाठवत असताना त्याच चॅनलवर ऐकू शकत नाही. म्हणून "किती डिव्हाइस जोडलीत" यापेक्षा "कोण किती वेळ चॅनल अडवून बसतंय" हे बघायला हवं, वाय-फाय स्लो आहे म्हणणारे बरेच जण नेमकं हेच बघत नाहीत.

हे सगळं आयट्रिपलई (इंजिनिअरांची जागतिक संस्था) हिच्या ८०२.११ या स्टँडर्डवर चालतं, ते पहिल्यांदा १९९७ मध्ये आलं आणि तेव्हा स्पीड होता सेकंदाला जास्तीत जास्त २ मेगाबिट. स्पीड नंतर कितीतरी पटींनी वाढला पण पाळी ठरवायची मूळ पद्धत अजून तीच आहे: पाठवायच्या आधी चॅनल ऐकायचं, मोकळं असेल तर थोडं थांबायचं, वर आणखी एक रँडम वेळ थांबायचं आणि मगच पाठवायचं. हा रँडम वेळ छोट्या स्लॉटमध्ये मोजतात, हल्ली एक स्लॉट ९ मायक्रोसेकंदांचा असतो. समोरून पोचपावती आली नाही तर पाठवणारा धरून चालतो की टक्कर झाली (दोघांनी एकदम पाठवलं आणि सिग्नल एकमेकांत मिसळले), आणि पुढच्या वेळी थांबायची मर्यादा साधारण दुप्पट करतो (नेहमीच्या डेटासाठी १५ स्लॉटपासून सुरू होऊन १०२३ पर्यंत). पाळी ठरवणारा वेगळा कोणी नसतो, सगळे आपापलं ऐकून ठरवतात, आणि तरीही हे इतकं नीट चालतं याचं खरंच कौतुक वाटतं.

अडचण होते ती लांबच्या खोलीतल्या डिव्हाइसमुळे. सिग्नल कमजोर झाला की डिव्हाइस आपला स्पीड उतरवतं म्हणजे डेटा निदान पोचतो तरी, पण मग तोच डेटा पाठवायला वेळ जास्त लागतो. हिशोब करून बघा: १५०० बाइटचं एक पॅकेट (डेटाचा एक तुकडा) ३०० मेगाबिटच्या स्पीडने ४० मायक्रोसेकंदांत जातं, ६ मेगाबिटने जायला २००० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ५० पट, आणि तेवढा वेळ बाकी सगळे थांबलेले. त्यामुळे कोपऱ्यातला एक जुना लॅपटॉप मोठी फाइल उतरवत बसला की राउटरशेजारचा नवा कोरा मोबाइलसुद्धा रखडतो. काही राउटरमध्ये एअरटाइम फेअरनेस नावाची सेटिंग असते, ती पॅकेटं समान न वाटता वेळ समान वाटते, आणि घरात अशी स्लो डिव्हाइस असतील तर ती चालू ठेवलेली बरी. नुसती जोडलेली पण गप्प असलेली दहा-बारा डिव्हाइस मात्र फारसं काही अडवत नाहीत, उगाच त्यांच्यावर खापर फोडू नये.

दुसरा प्रकार, दोन टोकांच्या खोल्यांमधली दोन डिव्हाइस. दोघांना राउटर ऐकू येतो पण एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही, दोघांना चॅनल मोकळं वाटतं, दोघं एकदम पाठवतात आणि राउटरपाशी टक्कर होते. यावर उपाय म्हणजे आधी छोटीशी परवानगी मागायची, राउटरने दिलेली परवानगी सगळ्यांना ऐकू जाते आणि बाकीचे तेवढा वेळ गप्प राहतात.

आता शेजारचे राउटर. २.४ गिगाहर्ट्झ बँडमध्ये (म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात) चॅनल ५-५ मेगाहर्ट्झवर आहेत पण सिग्नल पसरतो साधारण २० मेगाहर्ट्झ, म्हणून एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजारी १ आणि ६ वर आहेत म्हणून आपण मधला ३ घ्यावा असं वाटणं साहजिक आहे, पण ते चुकीचं. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे सिग्नल ओळखतात, अगदी उणे ८२ डीबीएमइतका (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) क्षीण सिग्नल आला तरी थांबतात, अर्धवट चढणाऱ्या चॅनलवरचा सिग्नल मात्र नुसता गोंगाट म्हणून येतो आणि गोंगाटासाठी थांबायची मर्यादा उणे ६२ आहे, म्हणजे १०० पट जास्त ताकद. त्याच्या खालचा गोंगाट असला तरी डिव्हाइस थांबत नाही, पाठवत राहतं आणि पॅकेटं खराब होतात. पाळीसाठी थांबणं परवडतं, पुन्हा पुन्हा पाठवणं परवडत नाही.

वाय-फाय नसलेली उपकरणंही याच बँडमध्ये असतात. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि बाहेर झिरपणारी थोडीशी ऊर्जासुद्धा वाय-फायच्या मानाने दणदणीत असते, ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलतं पण गजबजलेले चॅनल टाळायला शिकलेलं आहे, आणि यूएसबी ३ ची केबल किंवा हार्ड डिस्कही याच बँडमध्ये गोंगाट करते, ती राउटरपासून लांब ठेवावी.

५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल खूप जास्त आणि गर्दी कमी, फक्त भिंतींतून सिग्नल कमी जातो (गर्दीच्या इमारतीत हा फायदाच, शेजाऱ्याचाही कमीच येतो). यातले काही चॅनल रडारही वापरतं, तिथे राउटरला सुरू होण्याआधी साधारण मिनिटभर ऐकत बसावं लागतं आणि रडार आढळलं तर चॅनल सोडावं लागतं, मधेच वाय-फाय गायब होऊन परत येतं त्याचं एक कारण हे.

वाय-फाय ६ या नव्या पिढीपासून पाळीची पद्धतच थोडी बदलली. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलचे ९ पर्यंत तुकडे करून राउटर एकाच वेळी ९ डिव्हाइसना छोटा छोटा डेटा देऊ-घेऊ शकतो, मेसेज आणि सेन्सरसारख्या बारीक ट्रॅफिकला हे फार उपयोगी. शिवाय प्रत्येक नेटवर्कला १ ते ६३ मधला एक "रंग" मिळतो, परक्या रंगाचा सिग्नल पुरेसा क्षीण असेल तर त्यासाठी थांबायची गरज नाही. वाय-फाय ७ मध्ये तर एकच डिव्हाइस दोन-तीन बँड एकत्र वापरू शकतं. पण यासाठी राउटर आणि डिव्हाइस दोन्ही नवे लागतात, नुसता राउटर बदलून जुन्या मोबाइलला यातलं बहुतेक काही मिळत नाही.