वाडा (पुणे)

पेशवाईत पुण्याच्या पेठांमध्ये रुजलेला, चौकाभोवती बांधलेला घरप्रकार. भिंती दोन-तीन फूट जाड असल्या तरी वाडा उभा असतो तो सागवानी सांगाड्यावर. भिंत हे बहुतांशी खांबांमधले भरण.

मोजमाप खणांत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर टेकवतात. खांबाच्या माथ्यावर हस्त (लाकडी आधार), त्यावर तुळई (मुख्य आडवे लाकूड), तिच्यावर कड्या (बारीक आडवी लाकडे), कड्यांवर पाट (फळ्या) आणि पाटांवर मातीचा थर, हाच कडीपाट. जोड कुसू-खाचेचे, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत. खाली काळा दगड, वर विटा, पुष्कळदा कच्च्याच.

दिंडीदरवाजातून देवडी (पहारेकऱ्यांची जागा), मग चौक, ओसरी, सोपा (बैठकीची मोकळी जागा), माजघर, देवघर-स्वयंपाकघर आत. सधन वाड्यांच्या हौदांत नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेल्या कात्रजच्या नळाचे, म्हणजे तलावातून आणलेल्या भुयारी पाणवाहिनीचे, पाणी येई.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची. १८२८ च्या आगीत आतले बहुतेक लाकूडकाम जळाले, उरले मुख्यतः तट आणि जोती. सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुलांची नक्षी पाहायची तर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा गाठावा.

वाड्याचा खरा शत्रू पाणी. चौकाकडे उतरणारी पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरते आणि तिथे टेकलेली तुळईची टोके आधी कुजतात. खांबाचा बुडखा ओल धरतो, मागोमाग वाळवी. त्यावर सिमेंटचा गिलावा करणे ही नेहमीची चूक: ओल आत कोंडते, वरून भिंत कोरडी दिसते. गिलावा चुन्याचाच हवा; भिजवून मुरवलेला चुना वाळूसह चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाने मळायच्या चरात) मळायचा, जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत. बुडख्यात टोचा सहज शिरला तर तुळईला टेकू देऊन कुजका भाग कापतात आणि जुन्या सागाचा तुकडा तिरक्या जोडाने बसवतात. टेकू घाईने काढला की वरचा कडीपाट खचतो.

१२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे बसले, कारण कच्च्या विटा पाण्यात विरघळल्या. बाकीच्यांना १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी भोवली; एवढ्या भाड्यात कौले फेरणेही मालकाला परवडेना.