वर्गातली हालचाल आणि सजगता : पार्श्वभूमी

शाळांमध्ये कवायत रुजली ती १९व्या शतकात, शिस्त आणि आरोग्यासाठी. गणित-वाचन सुधारावं हा हेतू त्यामागे नव्हता. तिचा एक ठसा मात्र भाषेत अजून आहे. ‘सावधान’ म्हणजे स + अवधान, लक्ष असलेला. कवायतीत त्याचा अर्थ झाला टाचा जुळवून ताठ उभं राहणं. लक्ष म्हणजे न हलणं, हे समीकरण तिथपासून वर्गात मुरलं.

‘माइंडफुलनेस’च्या बाबतीत तीच गफलत पुन्हा झाली. १८८१ मध्ये बौद्ध सुत्तांच्या इंग्रजी भाषांतरात पालीतल्या ‘सति’साठी हा शब्द वापरला गेला. सति म्हणजे संस्कृतातली स्मृती: आपण काय करतो आहोत याची आठवण जागी ठेवणं. मराठीत त्याला कधी ध्यान म्हणतात, कधी एकाग्रता, कधी सजगता. हा फरक केवळ शब्दांचा नाही. एकाग्रता म्हटलं की मन भटकणं ही चूक ठरते आणि चुळबुळणारं मूल नापास होतं. सजगतेत मन भटकलं हे कळणं आणि ते परत आणणं हाच सराव असतो. पाच मिनिटांत वीसदा भटकलं तर वीसदा सराव झाला. म्हणून ‘सजगता’ हाच शब्द योग्य. शिक्षकाने ‘एकाग्रता’ धरली, तर तास मुलांना गप्प बसवण्याचं साधन होतो.

१९७९ मध्ये अमेरिकेत जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सजगता अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात सावकाश केलेली योगासनंही होती. पुढे हे वर्गात आलं तेव्हा बाकांच्या दाटीत हालचालच आधी गळत गेली.

हालचालीची वाट वेगळी होती. १९८०च्या दशकात ‘मेंदूच्या व्यायामां’ची लाट आली: डावा हात उजव्या गुडघ्याला लावायचा, गळ्याच्या हाडाखालचे बिंदू दाबायचे. त्याने मेंदूचे दोन भाग जोडले जातात या दाव्याला आधार नव्हता. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी तसं जाहीर सांगितलं. भक्कम काम नंतर झालं. २००९ च्या एका प्रयोगात २० मिनिटं चालल्यानंतर नऊ-दहा वर्षांच्या मुलांची विचलित न होता लक्ष ठेवण्याच्या चाचणीतली अचूकता वाढली. नेदरलँड्समध्ये दोन वर्षं चाललेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हालचाल थेट पाठातच गुंफली होती: उत्तर आठ असेल तर आठ उड्या, शब्दातल्या प्रत्येक अक्षराला एक उडी. आठवड्याला असे २०-३० मिनिटांचे तीन पाठ. गणित आणि शुद्धलेखन सुधारलं, वाचनात फरक पडला नाही.

सजगतेला धक्का बसला २०२२ मध्ये, शाळांमधल्या सजगता-तासांच्या एका मोठ्या चाचणीत. ब्रिटनमधल्या ८५ शाळा, आठ हजारांवर विद्यार्थी. शाळेतल्या नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा (भावना ओळखणं, इतरांशी जुळवून घेणं) जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरचा सराव केलाच नव्हता. ‘सजगता निरुपयोगी’ असा निष्कर्ष यातून काढणं घाईचं आहे. पण घरच्या सरावावर भिस्त ठेवणारा आराखडा किशोरवयीन मुलांसाठी टिकत नाही, एवढं नक्की.

म्हणून आता कल आहे तो पाठाला चिकटलेल्या तीन-चार मिनिटांकडे: अर्धा मिनिट जागेवर पावलं, दहा वेळा टाचा वर-खाली, प्रत्येक पायावर २० सेकंद तोल, मग बसून एक मिनिट तळपायांकडे लक्ष. क्रम उलटा झाला की बिघडतं. हालचाल शेवटी ठेवून लगेच वही उघडली तर श्वास चढलेला असतो आणि अक्षर डळमळतं. डोळे मिटण्याची सक्ती नको. काही मुलांना त्यातच भीती वाटते; नजर बाकावर खिळवणं पुरतं. श्वास मोजायला किंवा रोखायला लावू नये, घाईने खोल श्वास घेणाऱ्या मुलाला चक्कर येते.