मोठ्यांच्या मापाची गाडी

आमच्या काकांनी मागे एकदा गाडी गॅरेजला नेली. तक्रार एकच: मागचं डावं दार आतून उघडत नाही. हँडल ओढलं की सैल हाताला येतं, दार जागचं हलत नाही. दोन दिवस काका स्वतः उतरून, गाडीला वळसा घालून काकूंसाठी बाहेरून दार उघडत होते, आणि काकूंना वाटत होतं की चाळीस वर्षांनी का होईना, माणूस सुधारला. फिटरने दार उघडलं, दाराच्या जाड कडेवरची नखाएवढी खुंटी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सरकवली आणि पैसे न घेता पुढच्या गाडीकडे वळला. सुट्टीत नातू येऊन गेला होता. सुनेने चाइल्ड लॉक लावलं होतं, ते तसंच राहिलं होतं.

चाइल्ड लॉक म्हणजे खरं तर कुलूप नव्हेच. आतलं हँडल ओढलं की दाराच्या पोटातली एक सळई किंवा केबल ओढली जाते आणि ती लॅचची पकड सोडवते. खुंटी सरकवली की या साखळीतला एक दुवा बाजूला होतो. हँडल हलत राहतं, पण त्याचं म्हणणं लॅचपर्यंत पोचत नाही. बाहेरच्या हँडलची वाट वेगळी असल्यामुळे ते नेहमीसारखं चालतं, आणि ते बरंच आहे, कारण अपघातानंतर मदतीला धावणारा माणूस बाहेरच उभा असतो. सेंट्रल लॉक हे निराळं प्रकरण. ते बाहेरच्याला आत येऊ देत नाही, चाइल्ड लॉक आतल्याला बाहेर जाऊ देत नाही. घरोघरी या दोघांची गल्लत होते.

गाडीचा आतला भाग मोठ्या माणसाच्या मापाने शिवलेला असतो. त्याची उंची, त्याच्या हाताची पोच, त्याची हाडं आणि त्याची अक्कल गृहीत धरून. मुलांसाठी त्यात जे काही आहे ते म्हणजे बापाचा सदरा मुलाला घालताना घेतलेल्या चुण्या. काही चुण्या हुशारीने घेतलेल्या आहेत, काही दुर्दैवी अनुभवांनंतर.

काचेचं बटन बघा. जुन्या गाड्यांत ते तराजूच्या दांडीसारखं असे, एक टोक दाबलं की काच खाली, दुसरं दाबलं की वर. मूल खिडकीबाहेर डोकं काढून बघायला उठतं तेव्हा गुडघा कुठे टेकवतं? दाराच्या हातटेकूवर, म्हणजे नेमका बटनावर. गुडघ्याच्या भाराने काच वर येते आणि मान खिडकीत असते. अमेरिकेत अशी मुलं दगावली. तिथल्या वाहन-सुरक्षा खात्याने २००४ मध्ये नियम केला की ४० मिलिमीटर व्यासाचा गोळा बटनावर दाबून बघायचा आणि काच वर जाता कामा नये. हा गोळा म्हणजे मुलाच्या गुडघ्याचा प्रतिनिधी. पुढे नियम आणखी कडक झाला. आज बहुतेक गाड्यांत काच वर घ्यायला बटन बोटाने उचलावं लागतं, त्यामागे ही गोष्ट आहे. गुडघा दाबू शकतो, उचलू शकत नाही.

दुसरी चूण म्हणजे अडथळा लागताच उलटी फिरणारी काच. काचेच्या मोटरला फेऱ्या मोजणारा एक छोटा चुंबकीय संवेदक जोडलेला असतो. काच वर जाताना मध्ये बोटं आली की मोटर मंदावते, नियंत्रकाला ते कळतं आणि तो मोटर उलट फिरवतो. दाब साधारण १०० न्यूटनच्या, म्हणजे दहा किलो वजनाच्या भाराच्या आत रोखायचा अशी अपेक्षा असते. फार छान. पण आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत ही सोय फक्त चालकाच्या खिडकीला असते! जिथे मूल बसतच नाही. गाडीच्या माहितीपत्रकात ‘अँटी पिंच’ वाचून खूश होण्याआधी कोणत्या काचेला, हे विचारायचं.

चालकाच्या दारावर मागच्या काचा बंद ठेवणारं बटन असतं, ते मुलं असताना दाबून ठेवावंच. मात्र त्याने फक्त मागच्यांची बटनं मुकी होतात, चालकाची नाहीत. एसी लावताना ‘सगळ्या काचा वर’ करण्याची आपली सवय असते. तेव्हा मागे न बघता बटन ओढणारे आपणच असतो.

आता सगळ्यात अवघड विषय: मांडी. आपल्याकडे बाळाची जागा आईच्या किंवा आजीच्या मांडीवर, यावर दुमत नाही. बसमध्ये, रेल्वेत, रिक्षात आपण सगळे तसेच वाढलो. मग गणित करू. गाडी ताशी ५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटरने चालली आहे. समोर काहीतरी आलं आणि ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. वेग शून्यावर येण्याचा हा दर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चौदा पट भरतो. दहा किलोचं बाळ त्या क्षणी १४० किलोचं होतं. हात कितीही मायेचे असोत, १४० किलो कुणालाच धरून ठेवता येत नाही, आणि तेही पूर्वसूचनेशिवाय. आजीने बेल्ट लावला नसेल तर आणखी वाईट. साठ किलोची आजी त्याच हिशेबाने साडेआठशे किलोंची होऊन बाळावर येते. दोघांना मिळून एक बेल्ट लावला तरी हेच घडतं.

मग बाळाला मोठ्यांचा बेल्ट का नाही? तीन ठिकाणी अडकवलेला आजचा बेल्ट १९५९ मध्ये व्होल्व्हो कंपनीत नील्स बोहलिन या अभियंत्याने आणला. त्याआधी ते लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत. त्यांनी शरीरात भार सोसणारी हाडं शोधली: छातीचा पिंजरा, गळ्याजवळची हाडं, कमरेची हाडं. बेल्ट त्या हाडांवरून जातो म्हणून तो वाचवतो. लहान मुलाच्या कमरेच्या हाडाला पुढून येणारी ती ठळक कड अजून तयारच झालेली नसते, त्यामुळे धक्क्यात पट्टा वर सरकून मऊ पोटावर येतो. खांद्यावरचा पट्टा गळ्यावर येतो, मग मूल तो काखेखालून घेतं, आणि वरच्या पट्ट्याचा उपयोगच संपतो. बूस्टर सीट हे मुलाला फक्त उंच करून पट्टा योग्य हाडांवर आणतं. एवढंच त्याचं काम, पण तेच महत्त्वाचं. युरोपातल्या नव्या नियमावलीत बालआसनांची मापं १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत जातात. आपला मुलगा सातवीत असेल आणि ‘मी काय बाळ आहे का’ म्हणत असेल, तरी पट्टी घेऊन उंची बघायला हरकत नाही.

तान्ह्या बाळाची अडचण वेगळी, मानेची. त्याचं डोकं उंचीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं. मोठ्यांत ते सातवा-आठवा हिस्सा. मणके अजून बरेचसे कूर्चेचे. समोर तोंड करून बसवलं तर धडाला पट्टा थोपवतो, डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर. तोंड मागे करून बसवलं तर तोच धक्का पाठ आणि डोकं मिळून आसनाच्या पाठीवर पसरून घेतात. स्वीडनमधल्या बेर्टिल आल्डमन या संशोधकाला ही कल्पना सुचली ती अंतराळवीर पाठीवर भार घेत प्रवास करतात हे पाहून. १९६४ मध्ये त्यांनी असं पहिलं आसन गाडीत बसवून तपासलं. स्वीडनमध्ये आजही चौथ्या वर्षापर्यंत मुलं मागे तोंड करून बसतात. पाय दुमडलेले दिसतात म्हणून आपल्याला कीव येते, मुलांना मात्र मांडी घालून बसायला काहीच वाटत नाही. ते आपल्याच देशाचं आसन आहे.

असं आसन घट्ट बसवायला मागच्या सीटच्या पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटं घालून बघा. २८० मिलिमीटर अंतरावर दोन पोलादी कड्या हाताला लागतील. हेच आयसोफिक्स. बेल्टने आसन बांधताना माणसं जगभर चुका करतात, पट्टा पिळतो, सैल राहतो. कडीत मात्र आसन एक तर खट्‌कन बसतं किंवा बसत नाही, आणि बहुतेक आसनांवर खूण हिरवी होते. तिसरा आधार असतो, सीटमागच्या कडीला बांधायचा पट्टा किंवा फरशीवर टेकणारा पाय. तो विसरला तर आसन पुढे कलंडतं.

मागे तोंड केलेलं आसन चालकाशेजारी ठेवायचं नाही. तिथे समोर एअरबॅग असते. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि मोठ्या माणसाची छाती काही अंतरावर असेल असं धरून चालते. मागे तोंड केलेल्या आसनाची पाठ तिच्या तोंडाशीच असते, म्हणजे फुगवटा थेट बाळाच्या डोक्यामागे आदळतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत किरकोळ धडकांमध्येही एअरबॅगने मुलं गेली, तेव्हा हे सगळ्यांना कळलं. सनशेडवरचं बाळाचं खोडलेलं चित्र सजावटीसाठी नाही. काही गाड्यांत डॅशबोर्डच्या कडेला किंवा समोरच्या कप्प्यात किल्लीने फिरवायचा खटका असतो, त्याने ती एअरबॅग बंद होते आणि दिवा लागतो. मोठं माणूस बसलं की ती पुन्हा चालू करायची आठवणही ठेवावी लागते. माझं मत विचाराल तर मूल मागेच बसवा आणि त्या खटक्याला हात लावू नका.

‘आमची गाडी पाच स्टारची आहे’ हे वाक्य हल्ली सोसायटीच्या पार्किंगमध्ये वारंवार ऐकू येतं. गाड्या आपटून बघून असे स्टार देणाऱ्या, २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये मुलांसाठी ४९ गुणांचा स्वतंत्र हिशेब आहे. त्यात दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे गाडीत असतात, पण ते बालआसनात नीट बांधलेले असतात. मांडीवरच्या पुतळ्याची चाचणी कुणी घेत नाही. आसन नसेल तर मुलापुरते ते स्टार कागदावरच. कायदाही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालआसनाशिवाय असेल तर हजार रुपये दंड. तो भरलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

जाता जाता डॅशबोर्डवरच्या टचस्क्रीनच्या पडद्यांबद्दल. २०२२ मध्ये एका स्वीडिश वाहन मासिकाने ताशी ११० किलोमीटर वेगात एसी, रेडिओ अशी चार साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. २००५ सालच्या बटनांच्या व्होल्व्होत दहा सेकंद, सगळ्यात रखडलेल्या टचस्क्रीनवाल्या गाडीत जवळपास पंचेचाळीस. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त जाते. मागे मूल रडत असताना चालकाचे डोळे पडद्यावर एसी शोधत असावेत, ही कल्पना मला फारशी आवडत नाही. बोटांना न बघता सापडणारा गोल खटका हीसुद्धा मुलांच्या सुरक्षेची सोयच म्हणायची.

शेवटी उभ्या गाडीकडे येऊ, कारण तिथे वेगाचा प्रश्न नाही आणि म्हणून कुणाला भीतीही वाटत नाही. खेळता खेळता मुलं उघड्या गाडीत शिरतात, दार बंद होतं, आणि बातमीत ‘गुदमरून मृत्यू’ छापलं जातं. हवा संपत नाही. गाडीत साधारण तीन हजार लिटर हवा असते आणि लहान मूल मिनिटाला लिटरच्या दहाव्या भागाएवढाच प्राणवायू वापरतं. घाबरून धापा टाकल्या तरी ती हवा कित्येक तास पुरते. मारते ती उष्णता. काचेतून उजेड आत येतो, सीट आणि डॅशबोर्ड तापवतो, आणि त्यांतून निघणारी उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, त्यातला ऐंशी टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासात. काच थोडी खाली ठेवून विशेष फरक पडला नाही. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४२ असताना त्यात २२ मिळवून बघा. मुलाचं शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं.

आणि इथे काकांची ती खुंटी पुन्हा येते. मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर आत अडकलेलं मूल ते हँडल ओढत बसतं. पुढच्या दारांना ते नसतं, आणि पुष्कळ गाड्यांत लॉक असलं तरी पुढचं दार आतून हँडल एकदा किंवा दोनदा ओढलं की उघडतं. बहुतेक गाड्यांत किल्ली नसतानाही हॉर्न वाजतो, लाल त्रिकोणाचं बटन दाबलं की चारी दिवे लुकलुकतात. आपल्या गाडीत काय चालतं ते एकदा करून बघावं. काकांच्या नातवाला मी दिवाळीत हे शिकवलं: मागून पुढे चढ, हँडल दोनदा ओढ, नाही उघडलं तर हॉर्नवर बस. पहिली दोन कामं त्याने कंटाळत केली. तिसऱ्याला इतका वेळ बसला की तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू गॅलरीत येऊन ‘कुणाची गाडी आहे रे ती?’ म्हणून ओरडल्या. तो हात हलवत होता, उठायचं नाव घेत नव्हता.