एका भिंतीवरची सनई

जुन्या तबकड्यांवरचं संगीत मी संगणकात उतरवून घेतो. गिरगावातल्या एका काकांनी एलपी आणून दिली तेव्हा कव्हरवर कितीतरी पावसाळ्यांचे पिवळे डाग होते आणि तबकडीच्या कडेला पांढरी बुरशी. १९६०च्या दशकातल्या एका हिंदी चित्रपटाची ही मोनो एलपी, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज नसलेली. तिच्यातली गाणी आज कुठेही ऐकायला मिळतात. पण दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी अडीच मिनिटांचं श्रेयनामावलीचं संगीत आहे: सनई, व्हायोलिनांचा ताफा, तबला. ते मला दुसरीकडे कुठेच सापडलं नाही. "बाबा त्या व्हायोलिनांत होते," काका म्हणाले. "तेवढं निघालं तरी पुरे."

चित्रपटातूनच का घेऊ नये? फिल्मच्या पट्टीवर संगीत, संवाद, पावलांचे आणि दारांचे आवाज एकत्र मिसळून छापलेले असतात. ते पुन्हा सुटे करणं फार कठीण. शिवाय फिल्म टिकतेच असं नाही. १९३१ साली याच गिरगावात मॅजेस्टिक थिएटरात लागलेल्या 'आलम आरा'ची, म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणून चित्रपटसंगीताच्या बाबतीत तबकडीला मी फार मानतो.

एलपीच्या एका बाजूला एकच सलग चर असतो, बाहेरून आत गुंडाळत गेलेला. वीस मिनिटांची बाजू उलगडली तर तो सुमारे ४०० मीटर भरेल. त्याची रुंदी केसाएवढीसुद्धा नसते, आणि त्याच्या भिंतींची नागमोडी वळणं हाच आवाज. हळुवार स्वरांत ही वळणं एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान होतात. सुईचा भार जेमतेम दोन ग्रॅम, पण ती टेकते ती जागा इतकी सूक्ष्म की दाब चौरस सेंटिमीटरला टनांच्या हिशेबात जातो. त्यामुळे मळलेली तबकडी "एकदा ऐकून तर बघू" म्हणून लावायची नाही. भिंतीवरची धूळ सुई कायमची आत ठेचते.

धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश, तोही चराच्या दिशेनेच फिरवायचा. बुरशीला दोन हात लागले. एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे: घरात ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका. त्या लाखेच्या असतात. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात, तेच तबकडीचं होईल. एलपी पीव्हीसी प्लास्टिकची असते, तिचा स्वभाव वेगळा.

आता सुई. सगळी गंमत इथे आहे. चराचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, दोन भिंती एकमेकींना काटकोनात. स्टीरिओत डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज एकेका भिंतीवर कोरलेला असतो. मोनो तबकडीत चर फक्त आडवा डोलतो, म्हणजे दोन्ही भिंतींवर एकच संगीत. मग मोनो तबकडी स्टीरिओ पिकअपने, म्हणजे सुईची हालचाल दोन्ही भिंतींवरून वेगवेगळी टिपणाऱ्या भागाने, का वाजवायची? कारण संगीत दोन्हीकडे सारखं असलं तरी इजा सारखी नसते. धुळीचा कण सुईला वर उचलतो. डाव्या-उजव्या बाजूंचे आवाज एकत्र केले की आडव्या हालचाली जुळून बेरीज होते आणि उभ्या हालचाली एकमेकींना मारतात. खरखर तिथल्या तिथे कमी होते, कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय.

पण या तबकडीत बेरीज करून सनई घोगरीच राहिली. मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकल्या. डाव्या बाजूला सनई फाटलेली, उजव्या बाजूला जवळजवळ स्वच्छ. कारण साधं आहे. फिरत्या तबकडीवर घर्षणामुळे सुईचा दांडा सतत मध्याकडे ओढला जातो. ही ओढ तोलण्याची सोय जुन्या घरगुती प्लेअरमध्ये बहुधा नसायची, त्यामुळे आतल्या भिंतीवर जास्त दाब पडायचा. डावी बाजू म्हणजे आतली भिंत. अनेक वर्षांच्या वाजवण्यात ती झिजली आणि बाहेरची बरीचशी वाचली. म्हणून त्या अडीच मिनिटांपुरती मी एकाच भिंतीवर भिस्त ठेवली.

सुईची जाडीही बदलून पाहिली. मोनो एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण २५ मायक्रॉन असे. स्टीरिओसाठीची १८ मायक्रॉनची सुई चरात थोडी खोल उतरते, जुन्या सुयांनी न घासलेल्या जागी टेकते. एकाच भिंतीवर वेगळ्या उंचीला वेगळी तब्येत सापडते! मला तर हे दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

व्हायोलिनांचे लांब स्वर मात्र डुलत होते. तबकडीचं छिद्र मध्यापासून अर्धा मिलीमीटर सरकलेलं. काठाशी हे फारसं जाणवत नाही, पण हा तुकडा आतल्या टोकाला, जिथे त्रिज्या ६५ मिलीमीटरच्या आसपास आहे. अर्ध्याला पासष्टने भागलं की पाऊण टक्का येतो. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे दर १.८ सेकंदाला स्वर पाऊण टक्का चढतो आणि तेवढाच उतरतो. शेजारच्या दोन सुरांमधलं अंतर सहा टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा कानाला हे कळतंच. काकांना विचारून गोल कानशीने छिद्र किंचित मोठं केलं आणि दांड्याचं डोलणं थांबेपर्यंत तबकडी हाताने सरकवत बसलो.

ध्वनिमुद्रण रात्री, शेवटची लोकल गेल्यावर. दादरला रुळांजवळच्या घरात गाडीची थरथर जमिनीतून टेबलात आणि टेबलातून सुईत येते, आणि एका मायक्रॉनचा हिशेब करणाऱ्या सुईला ती भूकंपासारखी असते.

संगणकात घेताना सेकंदाला ९६,००० नमुने, म्हणजे आवाजाची तितकी मोजमापं, आणि प्रत्येक नमुना २४ बिटचा; बिट जास्त तेवढं मोजमाप बारीक. सीडीला ४४,१०० आणि १६ बिट पुरतात, आपल्या कानालाही पुरतात. मग एवढं कशाला? ओरखड्यांसाठी! ओरखड्याचा 'टक्' जेमतेम मिलीसेकंदाचा असतो. ९६,०००च्या वेगाने त्याचे ९६ नमुने मिळतात, त्याची कड धारदार दिसते आणि संगीतापासून तो नेमका वेगळा ओळखता येतो. शिवाय हा 'टक्' संगीतापेक्षा मोठा असू शकतो. २४ बिट असले की आवाजाची पातळी खाली ठेवून त्यालाही जागा देता येते, वरचं टोक कापलं जात नाही. ४० मिनिटांच्या एलपीची फाइल जेमतेम १.४ जीबी होते.

'टक्' काढताना सॉफ्टवेअर आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांवरून मधल्या जागेचा अंदाज बांधतं आणि ती भरतं. हे छान जमतं. पण तबल्याच्या चाटीवरचा, म्हणजे काठावरचा, 'ना'सुद्धा तसाच अचानक उगवतो, आणि जोर वाढवला की सॉफ्टवेअर तोही ओरखडा समजून पुसतं. सततची फुसफुस काढणं आणखी धोक्याचं. दोन गाण्यांमधल्या कोऱ्या चरावरून तिचा नमुना घेऊन तो सगळ्या संगीतातून वजा करतात. प्रमाण चुकलं तर सनईच्या स्वराची शेपटी आणि स्टुडिओचा घुमारा फुसफुशीबरोबरच जातात. जुनी गाणी पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येतात ती बहुतेक वेळा यामुळे. मला थोडी खरखर परवडते, घुमारा गेलेला परवडत नाही. म्हणून दोन्ही भिंतींची, काहीही न पुसलेली मूळ फाइल मी वेगळी ठेवतो आणि सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर करतो.

शेवटची वीस सेकंदं मात्र अजून हाती आलेली नाहीत. तबकडीच्या काठाला चर सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटरने सरकतो, आत येईपर्यंत २० वर येतो. तेवढीच वळणं निम्म्याहून कमी जागेत दाटतात आणि तिथेच सगळ्यात जास्त झिजतात. इथे दोन्ही भिंती गेल्या आहेत. एकच उपाय दिसतो, त्याच एलपीची दुसरी प्रत, कारण दोन प्रतींची इजा सहसा एकाच जागी नसते. तबकडीचा नंबर कागदावर लिहून चोर बाजारात मटन स्ट्रीटवरच्या दोन दुकानदारांना दिला आहे. काका दर शुक्रवारी तिकडे चक्कर मारून येतात.